सगळ्यात नवीन जुनं

१

लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की मी बटण दाबून आंघोळीला जायचे आणि केस पुसत परत आले तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. आत्या म्हणायची, माणसं थकतात तशी यंत्रंही थकतात, सबुरीनं घे. सबुरी हा आमच्या घरातल्या मोठ्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा. नळ गळतोय, सबुरी. दाराची कडी अडकते, सबुरी. मुलगी चिडली, तर तिला दुप्पट.

पण सोमवारपासून मला नोकरी होती. घरूनच करायची. बैठकांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा. माझे कान चांगले आहेत. निवडपरीक्षेत मी पंख्याच्या घरघरीमागचं कुजबुजणंसुद्धा उतरवून दिलं होतं. असल्या कामाला हे मरतुकडं यंत्र कसं पुरणार? उपाय सरळ होता, फॅक्टरी रिसेट. आतलं सगळं पुसून लॅपटॉप दुकानातून आला तेव्हा होता तसा कोरा करायचा आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवलेल्या बॅकअपमधून हवं तेवढंच परत आत आणायचं.

जेवताना मी हे सांगितलं, तर बाबांचा घास हातातच राहिला.

"पुसू नकोस," ते म्हणाले.

त्यांना कशाची काळजी आहे ते मला कळत होतं. आईचा आवाज त्या लॅपटॉपमध्ये होता. पण तो बॅकअपमध्येही होता, एका नाही, तीन बॅकअपमध्ये. हे मी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. त्यांनी घास परत ताटात ठेवला आणि म्हणाले, प्रत असणं वेगळं आणि मूळ असणं वेगळं.

मी म्हटलं, तुमच्या छापखान्यात असेल तसं. कॉम्प्युटरमध्ये मूळ आणि प्रत असा भेद नसतो, दोन्ही तंतोतंत एकच. आत्या आमटी वाढता वाढता म्हणाली, कॉलेजची फी फुकट गेली नाही म्हणायची. एरवी बाबा हसले असते.

२

बाबा मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. हल्ली लोक हे एकट्यानं, पडद्यावर बघून उरकतात. बाबा जुन्या पद्धतीचे, आणि त्या पद्धतीला दोन माणसं लागतात. एक जण लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, विरामचिन्हांसकट. दुसरा छापलेलं प्रूफ समोर घेऊन पेन्सिलीनं ताडत जातो. परिच्छेद संपला की वाचणारा थांबतो. ताडणारा समासात खूण करून "पुढे" म्हणतो. ते कानावर पडल्याशिवाय वाचणाऱ्यानं एक अक्षरही वाचायचं नाही.

आमच्याकडे वाचायची आई. माझं अख्खं लहानपण मागच्या खोलीतून येणाऱ्या त्या आवाजावर गेलं. "भिंतीस ओल आली असता स्वल्पविराम प्रथम छत तपासावे पूर्णविराम." "पुढे." नव्यानं राहायला आलेल्या एका शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं की या घरातले नवराबायको भांडतातही किती शुद्ध भाषेत.

शेवटच्या आजारपणात तिला संध्याकाळी बसवेना. बाबा छापखान्यातून येईपर्यंत ती गळून गेलेली असायची. मग दुपारी, अंगात थोडा जीव असेल तेव्हा, ती मागच्या खोलीत दार लावून एकटीच लॅपटॉपसमोर बसायची आणि वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. मी तेव्हा कॉलेजात असायचे. परिच्छेदाच्या शेवटी ती सवयीनं थांबायची, बाबांसाठी जागा सोडायची. संध्याकाळी बाबा रेकॉर्डिंग लावून प्रूफ घेऊन बसायचे आणि त्या सोडलेल्या जागेत यंत्राला "पुढे" म्हणायचे. पलीकडच्या खोलीत आई अंथरुणावर पडून स्वतःचाच आवाज ऐकत असायची.

ते पुस्तक होतं घराचं बांधकाम आणि त्याची निगा या विषयावरचं. तेवढाच तिचा आवाज आमच्याकडे उरला. दुसरं काही नाही, कुठल्या समारंभाचं चित्रीकरण नाही की फोनवर ठेवलेला निरोप नाही. ती गेल्यावर मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. धीर झाला नव्हता. पण ते आहे, हवं तेव्हा ऐकता येईल, या एका गोष्टीवर मी बरेच दिवस ढकलले होते.

३

बॅकअप दोन डिस्कवर होते. एक जुनी, विटेएवढी जाडजूड, चालू केली की आत टिकटिक करणारी. तिच्यावर आई गेली त्या आठवड्यात बाबांनी काढलेली पहिली प्रत होती. फोल्डरचं नाव, 'जुनं'. दुसरी डिस्क पातळ आणि वेगवान. तिच्यावर पुढचे दोन बॅकअप, दोन्ही मी केलेले. घराण्याची परंपरा राखून मी त्यांना 'नवीन जुनं' आणि 'सगळ्यात नवीन जुनं' अशी नावं दिली होती. लॅपटॉप एवढा रखडायचा की त्याच्यावरून आईची फाइल उचलायला बसलं की दिवस जायचा. म्हणून मी दर वेळी तिची आधीच्या बॅकअपवरूनच पुढची प्रत काढली होती. आकडे जुळले की झालं.

या वेळीही मी आकडे जुळवले. फाइल सगळीकडे तेवढीच, तारीख तीच. खात्री म्हणून पातळ डिस्कवरची लावून पाहिली. आई खाकरली, "प्रकरण पहिले" म्हणाली आणि मी घाईघाईनं बंद केली. एवढं पुरेसं होतं. बाबा छापखान्यात गेले होते. मी पुसायचं बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप कोरा होऊन पुन्हा भरलाही होता, आणि पळत होता वाऱ्यासारखा. बाबा आले, पडद्याकडे बघितलं आणि त्यांना काय झालंय ते कळलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"आईचं परत आणलंस?" त्यांनी विचारलं.

हो, म्हटलं.

"कुठल्यातून?"

सगळ्यात नवीनमधून, मी म्हणाले. ते बूट न काढताच खुर्चीत बसले. मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. ज्या माणसाला फाइल आणि फोल्डरमधला फरक कळत नाही, त्याला कुठल्या बॅकअपमधून आणलं याच्याशी काय देणंघेणं?

४

दुसऱ्या दिवशी नोकरीसाठीचे नवे हेडफोन आले. ते कसे आहेत ते बघायला काहीतरी ऐकायला हवं होतं. मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले आणि मनाचा हिय्या करून आईची फाइल लावली.

तोच आवाज. शब्दाच्या शेवटी किंचित खाली उतरणारा, स्वल्पविरामाला घाई आणि पूर्णविरामाला सावकाशी. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण ती पायाच्या खोदाईबद्दल वाचत होती. पहिला परिच्छेद संपला. ती थांबली.

"पुढे," कोणीतरी म्हणालं.

आई वाचू लागली.

मला आधी वाटलं, बाबा. मग मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बाबांच्या 'पुढे'मध्ये शेवटचं अक्षर लांबतं, झोका दिल्यासारखं. हा आवाज कोरडा होता. बाईचा की पुरुषाचा, सांगता आलं नसतं. त्याला कसलीच घाई नव्हती. आणि आईपेक्षा तो जवळ होता. आई मायक्रोफोनपासून हातभर लांब बसलेली कळत होती. हा अगदी तोंड लावून बोलल्यासारखा.

मी पुढचा परिच्छेद ऐकला, त्याच्या पुढचा ऐकला, मग अधूनमधून उड्या मारत शेवटपर्यंत गेले. प्रत्येक सोडलेल्या जागेत तोच शब्द.

म्हणजे आई एकटी नव्हती. त्या सगळ्या दुपारी, दार लावून, तिच्यासोबत कोणीतरी बसत होतं आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात मला न सांगण्याची यादी मोठी आहे. आजाराचं नावही मला शेवटी कळलं होतं. मी आठवू लागले, त्या दिवसांत घरी कोण यायचं. आणि मग डोक्यात एक घाणेरडी शंका आली आणि ती जाईना. आई हयात असतानाच बाबांनी तिच्या जागी कोणाला तरी तयार करायला बसवलं होतं का? वाचणारी संपत आली म्हणून नवी, आधी शेजारी बसून 'पुढे' म्हणत शिकणारी? म्हणूनच का मी आईचं परत आणलं म्हटल्यावर ते बूटही न काढता बसले होते?

५

आधी आत्याला धरलं. ती ओट्याशी दोडके सोलत होती. मी आडवळणं न घेता विचारलं, आई रेकॉर्ड करायची तेव्हा खोलीत तिच्यासोबत कोण असायचं?

कोणी नाही, आत्या म्हणाली. तिला स्वतःलासुद्धा आई दाराशी फिरकू द्यायची नाही, भांड्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून. मी बाबांबद्दलची शंका बोलून दाखवली, तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

"भवाने, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. बाई कुठून सापडेल?"

मला हसू आलं असतं. पण तेवढ्यात तिनं विचारलं, मी ते कुठवर ऐकलं. असंच, सहज विचारावं तसं. आणि उत्तराची वाट न बघता नळाखाली हात धुऊ लागली. धुतलेले हात पुन्हा धुतले.

बाबांना मी संध्याकाळी गाठलं. ते मागच्या खोलीत, त्यांच्या मेजाशी, नव्या पुस्तकाच्या प्रूफांसमोर बसले होते. आता त्यांना वाचून दाखवणारं कोणी नाही, म्हणून ते स्वतःशीच पुटपुटत ताडतात. मी म्हटलं, मला सगळं कळलंय. खोटं होतं ते, पण मोठ्या माणसांवर चालतं.

त्यांनी मान वर केली नाही. मी छापखान्यात असायचो, म्हणाले. तुला माहीत आहे.

"मग आईजवळ कोण होतं?"

"त्या वेळी कोणीही नव्हतं."

त्या वेळी. मी ते दोन शब्द धरून ठेवले आणि त्यांना सोडलं नाही. मग म्हणजे कधी होतं? शेवटी जे बोलले ते त्यांच्या धंद्यातलंच. प्रत काढताना चूक शिरते. ती प्रत पाहून दुसरी काढली की ती चूक तिथे मुरते, मजकुरासारखी दिसायला लागते. तिसऱ्या प्रतीत ती कोणाच्या डोळ्यांनाही खुपत नाही. म्हणून प्रतीला प्रत लावून बघायची नसते.

मी म्हटलं, हे छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचं शास्त्र माझ्यापुढे नको. फाइल कितीही वेळा कॉपी केली तरी तशीच राहते.

"मी एकदा 'नवीन जुनं' लावलं होतं," बाबा म्हणाले. "पुन्हा लावलं नाही. तुझे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. ताडून बघ."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताडायला बसले. बाबा कामावर होते, आत्या स्वयंपाकघरात पडली होती. मागच्या खोलीत लख्ख ऊन होतं. एका बाजूला पातळ डिस्कवरचे दोन्ही बॅकअप, एका बाजूला लॅपटॉपवर आणलेली प्रत, आणि समोर छापून आलेलं ते पुस्तक, कपाटातून काढलेलं. जुनी डिस्कही लावली होती, पण तिची टिकटिक अडखळली म्हणून न ऐकताच काढून ठेवली.

'नवीन जुनं'मध्ये पहिली सोडलेली जागा आली. शांतता. आवाज वाढवला, पुन्हा ऐकलं. होतं. फार लांबून, बंद दारापलीकडून आल्यासारखं. पंख्यामागचं कुजबुजणं ऐकणारे कान नसते तर निसटलंच असतं. 'सगळ्यात नवीन जुनं'मध्ये तो आवाज दाराच्या आत होता. त्याला खोलीचा घुमारा होता, भिंतींवरून येणारा. आणि लॅपटॉपवर तो आईच्याही अलीकडे, माझ्याकडच्या बाजूला.

मी कारणं शोधली. रिसेटनंतर लॅपटॉपनं आवाज सुधारण्याची कुठलीतरी सोय आपोआप चालू केली असेल, जवळचं मोठं आणि लांबचं लहान करणारी. शोधून ती बंद केली. हेडफोन काढून ठेवले, साध्या स्पीकरवर ऐकलं. फाइलींचे आकडे पुन्हा जुळवले. सगळं सारखं आणि तरीही सारखं नाही.

मग शब्द ताडायला घेतले. पुस्तकात होतं, 'खोलीचे दार आतील बाजूस उघडावे.' दोन्ही बॅकअपमध्ये आई तेच वाचत होती. लॅपटॉपवर ती म्हणाली, "खोलीचे दार उघडे आहे पूर्णविराम."

मी थांबले. मागे नेलं. तेच.

पुस्तकात पुढचं वाक्य, 'खिडकीसमोर जड सामान ठेवू नये.' लॅपटॉपवर, "दाराकडे पाठ करून बसू नये पूर्णविराम."

तिच्या आवाजात भीती नव्हती. इशाराही नव्हता. तो तिचा नेहमीचा वाचण्याचा आवाज होता. तिच्यापुढे जो कागद ठेवला जाईल तो ती तसाच वाचायची, मतं न देता, हीच तिची ख्याती होती. आता तिच्यापुढे कागद कोण ठेवत होतं?

"पुढे," तो आवाज म्हणाला.

मी दाराकडे पाठ करूनच बसले होते. मी वळून बघितलं. दार उघडं होतं. आत्याची बडबड नको म्हणून मी आत आले की दार लावून घेते, रोज लावते. आज लावलं होतं की नाही, ते मला आठवेना. कडी अडकते, वाऱ्यानं उघडत नाही. बाहेर बोळ रिकामा होता आणि स्वयंपाकघरातून आत्याचं घोरणं येत होतं, अगदी नेहमीसारखं.

७

बाबा येईपर्यंत मी पुढच्या खोलीत बसून राहिले. ते आल्यावर त्यांना घेऊनच मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर सगळं पुसलं. लॅपटॉपवरची प्रत, मग 'सगळ्यात नवीन जुनं', मग 'नवीन जुनं'. प्रत्येक वेळी यंत्रानं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? प्रत्येक वेळी तो आईचाच आवाज होता. शेवटच्याला माझं बोट हलेना. तिथे तर ते दाराबाहेरच होतं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बटण आम्ही दोघांनी मिळून दाबलं.

आता उरलं फक्त 'जुनं'. ती विटेएवढी डिस्क. मूळ मी पुसलं होतं, त्यामुळे जगात आईचा आवाज असलाच तर तिच्यावर. आणि तिची टिकटिक आता अडखळू लागली होती. असल्या डिस्क एक दिवस लागल्या की पुन्हा लागत नाहीत. वाचवायची तर प्रत काढायला हवी होती.

बाबा म्हणाले, लावू नकोस. आहे तशी कपाटात ठेवून देऊ. मी म्हणाले, आणि मग? ती बंद पडेल आणि आपण विटेला आई म्हणत बसू. ती स्वच्छ आहे का एवढं तरी कळू दे. स्वच्छ असेल तर एकदा पोटभर ऐकू, दोघं मिळून, आणि मग जे व्हायचं ते होवो. मला वाटतं, मी या घरात कधी नव्हे ते विनवत होते. बाबांनी खुर्ची ओढली. दार मी स्वतः लावलं, कडी घातली, ओढून बघितली. लॅपटॉप खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला होता. बाबांचं मेज आमच्या मागे, भिंतीला लागून. तिथे त्यांची प्रूफं पसरलेली. बाहेर अजून उजेड होता.

डिस्क टिकटिकली, थांबली, पुन्हा टिकटिकली. आई खाकरली.

"प्रकरण पहिले."

बाबांनी डोळे मिटले. ती वाचत गेली, पायाची खोदाई, मुरूम, पाणी. सगळं पुस्तकात होतं तसं. परिच्छेद संपला. ती थांबली आणि त्या जागेत काहीही नव्हतं. दारापलीकडे नाही, लांब नाही, कुठेच नाही. नुसती आईची धाप आणि डिस्कची टिकटिक. स्वच्छ. मी बाबांचा दंड धरला. मला ओरडावंसं वाटत होतं.

ती थांबूनच राहिली.

पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे डिस्क अडकली नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"इतका वेळ थांबायची?" मी हळूच विचारलं.

बाबांनी मान हलवली. नाही.

अजून थोडा वेळ गेला. मग आई बोलली. वाचण्याच्या आवाजात नाही. मला जेवायला हाक मारायची त्या आवाजात.

"अगं, म्हण ना."

मला तिचं पुढचं ऐकायचं होतं. एवढंच हवं होतं मला, त्या दिवशीही आणि त्याआधी कित्येक दिवस. माझं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, तेवढ्यात बाबांनी माझ्या तोंडावर हात दाबला. मग दुसरा हात. त्यांच्या बोटांना पेन्सिलीच्या शिशाचा वास होता. त्यांनी स्वतःचे ओठ दातांखाली धरले होते. मी त्यांची मनगटं पकडली, पण सोडवायला नाही.

आम्ही दोघांनी काहीही म्हटलं नाही. आई वाट बघत होती. तिचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता.

आमच्या पाठीमागे, मेजावर, पेन्सिलीची एक लहानशी खूण कागदावर उमटल्याचा आवाज झाला. मग पान उलटलं.

"नवा परिच्छेद," आई म्हणाली, आणि पुढे वाचू लागली.